पन्नास मुलं आणि साडेतीन तासांचं नाटक: नागपुरात विद्यार्थ्यांना अद्भुतनाट्याला नेताना

मुलांना नाटकाला न्यायचं ठरलं की शिक्षकांच्या खोलीत पहिली चर्चा तिकिटाच्या दराची होते. माझा पहिला प्रश्न दुसराच असतो: शेवटचं मूल रात्री किती वाजता घरात शिरणार? नाटक तीन-साडेतीन तासांचं, दोन मध्यंतरांचं, राक्षस-यक्ष-शाप-जादूचं असेल तर बस, डबा, खुर्च्या, वर्गातली तयारी हे सगळं या एका वेळेपासून मागं मोजत यावं लागतं. मी शाळेत मराठी शिकवते आणि सातवी ते दहावीच्या मुलांना दरवर्षी नागपुरातल्या नाट्यगृहांत नेते. पुढचं सगळं साधारण पन्नास मुलांचा गट धरून लिहिलं आहे. कॉलेजच्या नाट्यमंडळालाही त्यातलं बरंच लागू पडेल. अठरा वर्षांवरच्यांसाठी पालकांच्या सह्या तेवढ्या वगळा.

मुलं एवढा वेळ बसतात का?

बसतात. विदर्भात तरी हा प्रश्न पडायला नको. आपल्याच पूर्वेला, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत, धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र. तिथे रात्री पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. पोरंसोरं, म्हातारी माणसं, गावात आलेले पाहुणे, सगळे बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरातलं उदाहरण हवं असेल तर आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’पासूनची वाड्याची तीन नाटकं घ्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ती सलग सादर केली. आठ-नऊ तासांचा तो प्रयोग लोकांनी बसून पाहिला.

आणि अद्भुत तर मराठी नाटकाच्या पाळण्यातच आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या परंपरेतले राक्षस ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठीत आणलेलं ‘शाकुंतल’ म्हणजे शाप, विसरलेली ओळख आणि हरवलेली अंगठी. मुलांना हे जरूर सांगा. परीकथेचं नाटक म्हणजे लहान मुलांचा खेळ, असा दहावीतल्या मुलांचा समज असतो, तो इथे सुटतो.

मूल नाटक लांब आहे म्हणून चुळबुळ करत नाही. त्याला बाथरूमला जायचं असतं, भूक लागलेली असते, किंवा समोरचा हा कोण आणि तो कोण याचा पत्ता लागलेला नसतो. पहिल्या दोन गोष्टी मोठ्यांनी नीट आखायच्या. तिसरी वर्गात सोडवायची.

घड्याळ उलटं मांडा

समजा जाहिरातीत संध्याकाळी ६.३० छापलं आहे. निर्मात्याच्या व्यवस्थापकाला किंवा प्रयोग आणणाऱ्या स्थानिक ठेकेदाराला फोन करून मध्यंतरं धरून एकूण वेळ विचारा. ‘साधारण तीन तास’ या उत्तरावर थांबू नका. मागच्या प्रयोगाचा पडदा किती वाजता उघडला आणि किती वाजता पडला, ते विचारा. समजा सव्वातीन तास निघाले.

आता उशीर मिळवा. मुंबई-पुण्याची नाटकं विदर्भाच्या दौऱ्यावर येतात तेव्हा आदल्या रात्री अमरावती किंवा चंद्रपूरला प्रयोग झालेला असू शकतो. रात्रीच सेट खोलून ट्रकमध्ये भरायचा, दुसऱ्या दिवशी नागपुरात उतरवून उभा करायचा. साध्या दिवाणखान्याचा सेट लवकर लागतो. इथे मात्र उंचावरून उतरणारं पात्र असतं, कप्प्या आणि दोर असतात, जमिनीतून वर येणारं झाकण असतं, दिवे दुप्पट असतात. जिथे माणूस दोरावर लटकणार आहे तिथे तंत्रज्ञ घाई करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून वीस मिनिटं उशीर गृहीत धरा.

म्हणजे ६.५० ला सुरुवात, १०.०५ ला पडदा. बाहेर येणं, मोजणी आणि बसमध्ये चढणं यात अर्धा तास जातो. १०.३५ ला बस हलली आणि तिने पाच-सहा थांबे घेतले की शेवटचं मूल साडेअकराच्या पुढे घरी. हे गणित फळ्यावर मांडलं की मुख्याध्यापक स्वतःच विचारतात, दुपारचा प्रयोग नाही का? असला तर तोच घ्या. रविवारी चारचा प्रयोग मिळाला तर उत्तम: मुलं घरी जेवून येतात आणि नऊच्या सुमारास परततात. साडेबाराच्या प्रयोगात जेवणाची पंचाईत होते.

तारीख ठरवताना नागपूरचं कॅलेंडर बघा. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा विधानभवनाच्या परिसरात मोर्चे, बॅरिकेड आणि बंदोबस्त असतो. त्या आठवड्यांत सिव्हिल लाईन्समधला प्रयोग टाळा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात. लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनीकडचे रस्ते तेव्हा आपले नसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये मुलं चढवायला मी तयार नसते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री स्वेटर लागतोच. बाहेरच्या थंडीपेक्षा आतल्या एसीनं मुलं जास्त कुडकुडतात.

नाट्यगृह आधी फिरून या

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, आणि तिथे सुमारे दोन हजार माणसं बसतात. सिव्हिल लाईन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आणि लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह यांची गोष्ट वेगळी आहे. एका ठिकाणी जमलेलं नियोजन दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही. रिकाम्या सभागृहाला भेट देऊन फारसं कळत नाही. एखादा कार्यक्रम चालू असेल त्या दिवशी जा आणि मध्यंतराच्या वेळी लॉबीत उभ्या राहा.

बस कुठे थांबते आणि तिथून दारापर्यंत मुलांना रस्ता ओलांडावा लागतो का, ते पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहात चालू स्थितीतले कक्ष किती, ते प्रत्यक्ष मोजा. उतार आहे का, व्हीलचेअर कोणत्या दारातून आत जाते आणि कुठे उभी करता येते, ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या. मग ज्या रांगा घ्यायचा विचार आहे तिथे जाऊन बसा आणि खुर्चीत जरा खाली घसरा, म्हणजे डोळे सातवीतल्या बुटक्या मुलाच्या उंचीवर येतात. बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून मोठ्या माणसाला सगळं दिसतं. मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र कठड्याची आडवी नळी येते, आणि मग ते मूल तीन तास मान वर करून किंवा कठड्यावर रेलून बसतं. रेलणं धोक्याचं आहे. पन्नास मुलांसाठी मी नेहमी खालचं मागते, सहावी ते बारावी रांग, शक्यतो मधला भाग.

तिकिटं आणि पैसे

ऑनलाईन एकेक जागा घेत बसू नका. ठेकेदाराशी थेट बोला, शाळेच्या लेटरहेडवर सलग रांगांची मागणी करा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: प्रयोग रद्द झाल्यास पैसे परत कधी मिळणार, वेळ बदलल्यास कोण कळवणार, आणि शिक्षकांच्या किती जागा सवलतीत मिळणार. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

माणशी वर्गणी काढताना तिकीट, बसचा वाटा, खाऊ आणि थोडी राखीव रक्कम एकत्र धरा. उदाहरणार्थ तिकीट २५०, बस १४०, खाऊ ४०, राखीव ३०, म्हणजे ४६०. पैसे शाळेच्या खात्यात घ्या, पावती द्या. एखाद्या शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाईलवर जमा करू नका.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचं आहे. प्रत्येक वर्गात चार-दोन मुलं ‘मला नाटक आवडतच नाही’ असं म्हणतात आणि नाव देत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी त्या महिन्यात ४६० रुपये नसतात. अशा मुलाला वर्गात ‘तू का येत नाहीस?’ असं कधीही विचारू नका. पैसे भरलेल्यांची यादी फळ्यावर लावू नका, मोठ्यानं वाचूही नका. दोन-तीन मुलांचा खर्च राखीव रकमेतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा पालक-शिक्षक संघातून आधीच उभा करा. मग वर्गशिक्षिकेनं त्या आईला फोन करावा: ‘ताई, एक जागा शाळेकडून आहे, याला पाठवा.’ एवढं पुरतं. ते मूल इतरांसारखंच तिकीट हातात घेऊन दारातून आत गेलं पाहिजे.

पालकांचं पत्र

पत्र एका पानाचं असावं, आणि सही खालच्या कापून देण्याच्या पट्टीवर. मजकूर असा चालतो:

‘आपला पाल्य दि. ___ रोजी शाळेतर्फे ___ सभागृहात नाटक पाहण्यास येत आहे. निघण्याची वेळ ___, परतण्याची अंदाजे वेळ ___. नाटकात काळोख, मोठे आवाज, धूर आणि लखलखते दिवे आहेत. पाल्यास फीट, दमा, अंधाराची तीव्र भीती किंवा अन्य त्रास असल्यास खाली लिहावे. परतल्यावर पाल्यास थांब्यावरून कोण नेणार, त्यांचे नाव व मोबाईल क्रमांक लिहावा.’

दिव्यांचं वाक्य गाळू नका. झपाट्यानं उघडझाप करणाऱ्या स्ट्रोब लाईटमुळे काही जणांना फीट येऊ शकते. नाटकात स्ट्रोब आहे का आणि कोणत्या प्रवेशात, हे व्यवस्थापकाला विचारा. असं मूल गटात असेल तर त्याला कडेच्या खुर्चीवर, माहीतगार शिक्षिकेच्या शेजारी बसवा आणि त्या प्रवेशाआधी दोन मिनिटं बाहेर न्या. धुराचे दोन प्रकार असतात. ड्राय आइसचा पांढरा धूर जड असल्यानं जमिनीलगत पसरतो आणि पुढच्या रांगांकडे ओघळतो. मशीनचा धूर वर तरंगत सगळीकडे जातो. दम्याच्या मुलाला पुढच्या दोन-तीन रांगांत बसवायचं नाही, आणि त्याचा पंप त्याच्याच खिशात हवा. बसमध्ये राहिलेल्या दप्तरातला पंप काही कामाचा नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, मुली असतील तर सोबत शिक्षिका, दहा मुलांमागे एक मोठं माणूस. या तिन्हींत तडजोड नको.

वर्गातली तयारी: शाप, मुदत, उतारा

प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात दोन तास मागून घ्या. सगळ्या सहलीत मला हेच दोन तास सर्वांत मोलाचे वाटतात.

पहिल्या तासाला फळ्यावर तीन शब्द लिहा: शाप, मुदत, उतारा (म्हणजे शाप उतरवणारी गोष्ट). जवळपास प्रत्येक अद्भुतकथा या तीन खुंट्यांवर टांगलेली असते. मग मुलांना ओळखीच्या कथांत ते शोधू द्या. सुरुवात रामटेकपासून करा. रामटेक म्हणजेच कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी, असं मानलं जातं. कुबेरानं यक्षाला वर्षभरासाठी घराबाहेर काढलं. वर्षाची मुदत आहे म्हणूनच यक्ष दिवस मोजतो, म्हणूनच ढगाला निरोप सांगतो. मुदत काढून टाका आणि मुलांना विचारा, काव्यात काय उरतं? मग शकुंतला. दुर्वासाचा शाप, उतारा म्हणजे अंगठी. अंगठी पाण्यात पडली की गोष्ट अडली, कोळ्याला माशाच्या पोटात सापडली की गोष्ट सुटली. सातवीतली मुलं लगेच आजीनं सांगितलेल्या गोष्टी सांगायला लागतात, त्यांना अडवू नका.

यानंतर जे नाटक बघायचं आहे त्यातली माणसं फळ्यावर मांडा: कोण कुणाचा, कुणाला काय हवंय, कुणावर शाप आहे. संहिता छापील मिळत असेल तर पहिला प्रवेश मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. गोष्ट पहिल्या मध्यंतरापर्यंतच सांगा, पुढं एक अक्षर नाही. कुणी आधी पाहिलं असेल तर त्याच्याकडून तसं वचन घ्या. नाटक लांब असलं की मुलं पहिल्या अर्ध्या तासात माणसं ओळखण्यातच दमतात. तो अर्धा तास आपण वर्गात भरून काढतो, म्हणजे तिसऱ्या तासासाठी त्यांच्याकडे दम उरतो.

दुसरा तास रंगमंचाच्या भाषेसाठी. सिनेमात जग बदललं की सगळं चित्र बदलतं. नाटकात निळा प्रकाश पडला की पाताळ, पिवळा आला की राजवाडा, एवढंच असू शकतं. एकच नट पहिल्या अंकात मंत्री आणि दुसऱ्यात राक्षस असतो. काळे कपडे घातलेला माणूस बाहुला हलवताना दिसला तरी तो ‘दिसत नाही’ असं आपण मानायचं असतं. हे सांगून समजत नाही, करून दाखवा. खिडक्यांवर चादरी टाका, फळ्यावर काळं कापड लावा. एका मुलीला काळे हातमोजे आणि काळा शर्ट घालून कापडापुढे उभं करा आणि बाजूनं एकच टॉर्च धरा. तिच्या हातात पांढरा रुमाल. वर्गात पूर्ण काळोख झाला की रुमाल एकटाच हवेत उडायला लागतो, आणि चाळीस मुलांच्या तोंडून एकदम ‘अरे!’ निघतं. मग टॉर्च जरा हलवा, म्हणजे हात दिसतो. युक्ती कळल्यानं मजा कमी होत नाही. उलट प्रयोगाच्या दिवशी हीच मुलं डोळे ताणून बघतात की दोर कुठाय, दिवा कुठाय. घाबरणाऱ्या मुलाला तर ही युक्तीच धीर देते.

शिस्तीबद्दल लांबलचक भाषण नको. मोबाईल घरी किंवा बंद, बोलायचं ते मध्यंतरात, टाळ्या मनापासून. नट प्रेक्षकांतून चालत येणार असेल तर पाय रांगेच्या आत आणि कपड्यांना हात लावायचा नाही. तलवार पत्र्याची असली तरी अंधारात लागते.

बस की मेट्रो?

रात्रीचा प्रयोग असेल तर बसच. शेवटच्या मेट्रोच्या वेळेवर पन्नास मुलांचा भरवसा ठेवू नका. काटोल, उमरेड, कळमेश्वर, रामटेककडून येणाऱ्या शाळांनी एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घेण्याची, चौकशी करावी, शालेय सहलींना सवलत मिळते. अर्ज लवकर द्या, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा सहली काढतात आणि गाड्या उरत नाहीत.

दिवसाच्या प्रयोगाला आणि मोठ्या मुलांना मेट्रो चांगली. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, गाडी बदलायची तर तिथेच. रेशीमबागेच्या दाराशी मात्र मेट्रो पोचवत नाही. पुढं ऑटो करावे लागतात आणि गट फुटतो, त्यामुळे सुरेश भट सभागृहासाठी मी बसच घेते. मेट्रोची गाडी तीन डब्यांची असते. पन्नास मुलं एकाच दारात कोंबू नका. दहादहाचे पाच गट पाच दारांशी उभे करा, प्रत्येक गटात मोठं माणूस शेवटी चढेल. जो मागं राहील त्यानं फलाटावर जिथे आहे तिथेच थांबायचं, दुसरी गाडी पकडायची नाही. त्याच्या गटाचे शिक्षक पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतील. हा नियम निघण्याआधी मुलांकडून तोंडपाठ म्हणवून घ्या.

गट असे पाडा की दहा जणांत एक तरी शांत डोक्याचं मूल येईल, तेच गटप्रमुख. मोजणी नावं वाचून नको, वेळ जातो. प्रत्येकाला गटातला क्रमांक द्या आणि मुलांनी क्रमानं आकडे म्हणावेत, एक ते दहा. सातनंतर शांतता झाली की आठ नंबर कोण, ते सगळ्यांना माहीत असतं.

काय खायचं, कधी

सुरुवातीच्या दीड तास आधी पोटभर. पोळी-भाजीचा डबा सर्वांत बरा. तर्री-पोह्यांचा बेत दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तर्रीनं तहान लागते, तहानेनं पाणी, आणि पाण्यानं पहिल्या अंकाच्या मध्यात रांगेतून दहा गुडघे ओलांडत बाहेर जाणं. पाणी तोडायचं मात्र नाही. निघेपर्यंत भरपूर प्या आणि दारात एकदा जाऊन या, एवढंच सांगा.

मध्यंतरासाठी प्रत्येकाच्या खिशात मावेल असा कोरडा खाऊ द्या: चिक्की, केळं, शेंगदाण्याचा लाडू. स्टॉलवरच्या समोशाच्या रांगेत पंधरा मिनिटं तिथेच संपतात. संत्री लॉबीत सोलून खायला हरकत नाही, पण सालं पिशवीत गोळा करा. सभागृहात न्यायची नाहीत.

रांगेत कोण कुठे

प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना मोठं माणूस. बुटकी मुलं मध्ये आणि पुढच्या रांगेत, उंच मुलं मागं. जिवलग मित्रांची चौकडी तोडायची गरज नाही, पण ती शिक्षिकेपासून दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीवर बसवा. ज्याला वारंवार बाहेर जावं लागतं त्याला टोकाजवळची जागा, आणि हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी नटांचे ओठ दिसतील अशी पुढची जागा घ्या आणि संपूर्ण गोष्ट आधी लिहून द्या. ‘पुढचं सांगायचं नाही’ हा नियम त्याला लागू नाही.

बसताक्षणी मुलांना बाहेर जाण्याची दोन दारं बोटानं दाखवा. अर्धं मिनिट लागतं.

मध्यंतर

गणित करा. गटात पंचवीस मुली आहेत, स्वच्छतागृहात पाच कक्ष, एकीला दोन मिनिटं. नुसत्या आपल्याच मुली गेल्या तरी दहा मिनिटं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि रांगेत निम्मं सभागृह. म्हणून पडदा उघडण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचंच, आणि मध्यंतराची गर्दी दोन मध्यंतरांत वाटून टाकायची. पहिल्या मध्यंतरात एक ते तीन गट आधी स्वच्छतागृहाकडे, बाकीचे खुर्चीतून उठून हातपाय ताणतील आणि लॉबीत खाऊ खातील. सात मिनिटांनी अदलाबदल. दुसऱ्या मध्यंतरात चार आणि पाच गट आधी. दिवे लागताच एक शिक्षिका झपझप पुढे जाऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहते, दुसरी सभागृहाच्या दारात. पहिली घंटा झाली की लॉबी रिकामी करायला घ्या, तिसऱ्या घंटेची वाट बघू नका. पहिल्या मध्यंतरात बसूनच राहिलेलं मूल दिसलं तर त्याला मुद्दाम उठवा. तीन तास न उठलेलं मूल तिसऱ्या अंकात नाटक बघत नसतं, पाय हलवत असतं.

मध्यंतरात मुलांना एकच प्रश्न विचारा: उतारा कुणाकडे आहे असं वाटतं? ज्यांना धागा सुटला असेल त्यांना शेजारचीच मुलं सांगतात.

अंधारात

एखादं मूल झोपलं तर झोपू द्या. वीस मिनिटांनी युद्धाचा प्रवेश आला की आपोआप उठतं. घाबरलेल्या मुलाचा हात धरा आणि कानात हळूच सांगा की तो नट मागच्या अंकातला मंत्रीच आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर बाहेर न्या. ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणू नका. बाहेर पाच मिनिटं पाणी पिऊन बहुतेक मुलं स्वतःच आत चला म्हणतात. वेगळं काही घडलं तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस, हे दोन्ही क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असू देत.

पडदा पडल्यावर

नटांना भेटायची परवानगी आधीच घ्या. प्रयोग संपल्यावर विंगेत धावायचं नाही, कारण पडदा पडताच सेट खोलायला सुरुवात होते. खिळे, पट्ट्या, दोर खाली पडलेले असतात आणि ट्रक मागच्या दारात उभा असतो. व्यवस्थापक बहुधा दहा मुलांना दहा मिनिटं देतात. प्रत्येक गटातून दोन मुलं पाठवा, प्रश्न आधी लिहून द्या, आधी प्रश्न, सेल्फी नंतर. काही कंपन्या दुपारी सेट लागताना चार-दोन मुलांना कोपऱ्यात उभं राहून बघू देतात. ही संधी मिळाली तर तांत्रिक गोष्टींत रस असलेल्या मुलांना न्या. कप्पीवरून माणूस कसा वर जातो आणि दुसऱ्या टोकाला किती जण दोर धरतात, हे जवळून पाहिलेली मुलं पुढच्या स्नेहसंमेलनात दिव्यांचं काम मागून घेतात.

बाकीच्या गटांनी गर्दी ओसरेपर्यंत खुर्चीतच बसायचं. आकडे खुर्चीत एकदा, बसमध्ये एकदा, आणि बस हलण्याआधी चालकभाऊंसमोर तिसऱ्यांदा. खुर्च्यांखाली टॉर्च मारून स्वेटर आणि बाटल्या गोळा करा. बस निघाली की पालकांच्या ग्रुपवर एकच संदेश टाका: किती वाजता निघालो आणि कोणत्या थांब्यावर साधारण किती वाजता. पत्रात लिहिलेलं माणूस थांब्यावर नसेल तर मूल उतरवायचं नाही. त्याला शेवटपर्यंत बसमध्ये ठेवा आणि घरी फोन लावा.

दुसऱ्या दिवशी

निबंध लिहायला लावू नका, निदान त्या आठवड्यात तरी नको. मुलांना रंगमंचाचा वरून दिसणारा नकाशा काढू द्या: जमिनीतलं झाकण कुठे होतं, राक्षस कुठून आला, निळा दिवा कोणत्या बाजूला होता. चार मुलांचे चार नकाशे वेगळे निघतात आणि त्यावरून जो वाद होतो त्यात सगळं नाटक पुन्हा उभं राहतं. नंतर फळ्यावर पुन्हा तेच तीन शब्द लिहा आणि विचारा, मुदत आणखी एक दिवस असती तर शेवट काय झाला असता? उत्तरं एकेका ओळीत, चिठ्ठीवर.

त्याच आठवड्यात हिशेब पूर्ण करा. बिलं, पावत्या आणि राखीव रकमेतून काय खर्च झालं हे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. उरलेले पैसे परत करायचे की पुढच्या वर्षीच्या जागांसाठी ठेवायचे, हे पालक-शिक्षक संघाला विचारून ठरवा. मुलांच्या चिठ्ठ्या आणि चार नकाशांतला सर्वांत बरोबर वाटेल तो निर्मात्याच्या पत्त्यावर पाठवा, सोबत मुलांनी निवडलेला एकच प्रश्न. आमच्या मुलांचा प्रश्न बहुधा दोराचाच असतो: वर लटकलेल्या माणसाला खालून किती जण धरतात, आणि त्यांची नावं जाहिरातीत का नसतात?